आमचे घाबरे वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आम्हाला ठाऊक होतं. पण ती चढताना आपला वकीलच आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. डिचोलीच्या कोर्टात आमच्या नावाचा पुकारा व्हायच्या आधी वकीलसाहेब घटाघटा पाणी पीत, फाइल उघडत, मिटत, पुन्हा उघडत, आणि काळ्या कोटाच्या आत गळ्याभोवती गुंडाळलेल्या टॉवेलने मान पुसत राहत. त्या टॉवेलमुळे इतर वकील त्यांना पाठीमागे ‘तुवालो’ म्हणत. पुढ्यातही म्हणत असावेत, कारण ते ऐकून साहेबांना राग आलेला मी कधी पाहिला नाही. पहिल्याच तारखेला मला वाटलं, या माणसाला आधी कुणीतरी धीर द्यायला हवा.

आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, म्हणून आम्ही डिचोलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. आम्ही दोघं आणि सासूबाई. घरमालकाला वाड्यावर सगळे पात्रांव, म्हणजे धनी, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. मग खाणी बंद पडल्या, ट्रक जागच्या जागी उभे राहिले आणि नवऱ्याला कशीबशी तुयेच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. आम्ही खोल्या झाडूनपुसून चावी पात्रांवाच्या हातात ठेवली आणि पन्नास हजारांची अनामत मागितली. चतुर्थी होऊ दे, दिवाळी होऊ दे असं करता करता एक दिवस ते म्हणाले, कसली अनामत? त्यांचेही दोन ट्रक अंगणात गंजत पडले होते आणि बँकेची माणसं दारात फेऱ्या घालत होती. माणूस मुळातला वाईट नव्हता, पण दिवस वाईट आले की चांगल्या माणसाच्या तोंडूनही काय निघेल याचा नेम नसतो.

आमचं मात्र त्या पैशांवाचून सगळंच अडलं होतं. तुयेत खोली बघून ठेवली होती, पण तिथला मालक अनामत पुरी हातात पडल्याशिवाय किल्ली द्यायला तयार नव्हता. नवरा चारचौघांबरोबर एका खोलीत झोपत होता, आणि गावाकडचं आमचं घर कधीच पडून गेल्यामुळे मी सासूबाईंना घेऊन दोडामार्गला नणंदेच्या घरी होते. लेकीच्या सासरी आईने पाहुणी म्हणून दोन दिवस राहावं, मुक्काम ठोकू नये, अशा समजुतीत सासूबाई वाढलेल्या. त्या तिथे अर्धपोटी जेवत. चहा विचारला की आत्ताच घेतला म्हणत. नणंदेचे सासरे काही बोलत नसत, पण ते नुसते खाकरले तरी सासूबाई उठून अंगण झाडायला जात. ते बघून मीही ताटात दुसऱ्यांदा काही वाढून घेत नसे.

वकीलसाहेब पेडण्याचे, आठवड्यातले काही दिवस डिचोलीत येत. कुणीतरी म्हणालं, फी कमी घेतात, आम्ही गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पावतीचा. पावती नव्हती. करार? तोही नव्हता. पैसे बँकेतून दिले? नाही, भिशीचे होते, रोख दिले. मग दिल्याला पुरावा काय, असं त्यांनी विचारल्यावर सासूबाई ठामपणे म्हणाल्या, “नारळ ठेवलो होतो देवाफुडे.” आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून झालेल्या व्यवहाराची वर पावती मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. साहेबांना हे समजत होतं, ते आमच्यातलेच. त्यांनी मान पुसली आणि म्हणाले, “काकी, नारळाक कोर्टात पुरावो म्हणून नंबर मारूक मेळना नाय. माका आताच भय वाटूक लागला.”

तरीही, सासूबाई लेकीकडे अर्धपोटी राहतात हे ऐकल्यावर, त्यांनी दावा घेतला. मी न राहवून विचारलं, तुम्हालाच भीती वाटते तर आम्ही काय करायचं? तेव्हा ते म्हणाले, “भियाचा, बाय. पण पळाचा नाय.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. जिन्यावर, कॅन्टीनमध्ये, पुढची तारीख पडल्यावर ते हेच म्हणत, आणि म्हणताना टॉवेलने मान पुसत.

दुसरे वकील अशिलाला धीर देतात. आमचे वकील तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करून उद्या काय काय बिघडू शकतं ते सांगत. न्यायाधीश रजेवर जातील, समोरचा वकील मुदत मागेल, तुमची दोडामार्गची बस चुकेल, तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहून नवऱ्याचं नावच विसराल. शेवटचं ऐकून मी हसले होते. उलटतपासणीत पात्रांवाच्या वकिलाने मला दरडावून पावतीचं विचारलं, मी नारळाचं सांगितलं, मागच्या बाकांवर हशा पिकला आणि त्या गडबडीत मी पत्त्यात सासरच्या गावाऐवजी माहेरचं गाव सांगून बसले. साहेब टॉवेलात तोंड खुपसून बसले होते.

त्यांची प्रश्न विचारण्याची खोड तर जीव खाणारी होती. पैसे दिले त्या दिवसाची हकिकत ते आम्हाला पुन्हापुन्हा सांगायला लावत. कोण कुठे बसलं होतं, दिवा लावला होता का, चहा आधी झाला की नारळ आधी. माझ्या मनात येई, माणसाला झोप लागत नाही आणि तो आपल्यालाही झोपू देत नाही. अशाच एका खेपेला सासूबाई वैतागून म्हणाल्या, पात्रांवानं गाऱ्हाणं घातलं, आम्ही होय म्हाराजा म्हटलं, प्रसाद घेतला, झालं. आणखी किती सांगू? साहेबांची मान पुसणं थांबलं. गाऱ्हाणं कुणी घातलं, त्यांनी विचारलं. पात्रांवांनीच. वाड्यावर कुणाचाही नारळ असो, देवाला मोठ्याने विनवायला त्यांनाच बोलावत. त्यांचा आवाज मोठा आणि जीभ कधी अडखळत नसे. गाऱ्हाण्यात काय म्हणाले ते, हे साहेबांनी सासूबाईंकडून शब्दन् शब्द काढून घेतलं, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांचा फोन आला नाही. त्या शांततेनेच मला जास्त धास्ती वाटली.

पात्रांव पिंजऱ्यात आले त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अनामत घेतलीच नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग आमचे साहेब उठले. आवाज इतका बारीक की न्यायाधीशांना मोठ्याने बोला म्हणावं लागलं. त्यांनी पैशांचं काही विचारलंच नाही. नारळ ठेवला होता का? ठेवला होता, नवीन भाडेकरू आला की ठेवतोच. गाऱ्हाणं तुम्हीच घातलंत? मीच घालतो, पात्रांव जरा ताठ होत म्हणाले. मग साहेब म्हणाले, त्या दिवशी घातलं ते तसंच इथे सांगा. समोरचा वकील हरकत घ्यायला उठला, पण न्यायाधीशांनाही उत्सुकता वाटली असावी. सांगू द्या, म्हणाले.

पात्रांवांनी सवयीने हात जोडले, डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, ही लेकरा आज तुझ्या सावलेक रवाक इली हत. त्यांका सुखात ठेव, रोगराई भायर काड, एकाचे एकवीस कर...” आवाज कोर्टभर घुमला. आणि मग तो थांबला. पुढचं वाक्य काय आहे हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. साहेबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी पदराचं टोक दातांत धरून बसले होते.

गाऱ्हाणं घालणारा थांबला की ऐकणाऱ्याने काय करायचं, हे सासूबाईंना जन्मापासून माहीत. मागच्या बाकावरून त्यांचा आवाज आला, “होय म्हाराजा.”

कुणी हसलं नाही. पात्रांवांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि खालच्या आवाजात उरलेलं बोलले, “त्यांची पन्नास हजारांची ठेव माझ्या हातात इली हा, ती जशीच्या तशी परत करूची बुद्धी माका दी.” देवासमोर जो शब्द उच्चारला, तो गाऱ्हाण्यातून गाळायची त्यांची छाती झाली नाही. टंकलेखक ते टाइप करून घेत होता.

बाहेर आल्यावर साहेब कॅन्टीनच्या बाकावर मटकन बसले. मी आभार मानू लागले तर हात हलवून मला गप्प केलं. म्हणाले, “तो गप रवलो असतो तर आपण बुडलेलो. माझ्याकडे फुडचो प्रश्नच नाय होतो.” हे सांगताना ते इतके पांढरे पडले होते की माझ्या नवऱ्याने त्यांना धावत जाऊन लिंबूसरबत आणून दिलं.

पात्रांवांनी पुढच्या तारखेला तडजोड केली. हप्त्यांनी पैसे द्यायचं ठरलं आणि त्यांनी ते दिलेही. पण शेवटचा हप्ता बाकी असताना निरोप आला की आमचे वकील गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं आणि तिथेच संपलं. नवऱ्याने फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी नणंदेच्या परसात कपडे धूत होतो. सासूबाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता शेवटच्या पैशांचा काय होतला गो?” म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. माझ्याही मनात पहिला तोच प्रश्न आला होता.

आम्ही तिघं पेडण्याला भेटायला गेलो. घरात माणसं होती, साहेबांची बायको भिंतीला टेकून बसली होती. आम्ही कोण ते सांगायला मी तोंड उघडलं, तर सासूबाईंकडे बघत तीच म्हणाली, डिचोलीचे नारळवाले ना? मग तिने मला जवळ बसवून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तो डिचोलीला गेला होता. पात्रांवाच्या मागे लागून शेवटचा हप्ता त्याने मुदतीआधीच कोर्टात भरून घेतला, आणि पैसे तुमच्या हातात पडेपर्यंत बघायला कागद दुसऱ्या वकिलाकडे देऊन आला. ती म्हणाली, मी त्याला विचारलं, छातीत दुखतंय तर एवढी घाई कशाला? तर म्हणतो, “माझा काय झाला तर ती म्हातारी चेडवाच्या सासरी पोटभर जेवची नाय.”

त्या घरात, त्या दिवशी, आम्ही आधी सुटलो म्हणून श्वास सोडला आणि मग रडायला लागलो. सासूबाई तर थांबेचनात. शेवटी त्या बाईलाच उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.