पाच मिनिटं राहिली

आमच्या शाळेच्या फुटबॉल टीममधले दोघं जरी बेळगावच्या बाजारात समोरासमोर आले, तरी घरची भाजी वेळेवर घरी पोचत नाही. एकानं "मास्तरांचं ते आठवतंय काय रं?" म्हणायचं, की दुसरा पिशवी खाली ठेवतो. ह्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवल्या नाहीत, आपोआप साठल्या. दरवर्षी थोड्या फुगतात, तेही खरं. पण मी गोलकीपर होतो. सगळं समोरून बघितलंय, त्यामुळं माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जास्त धान्य पिकवा, असं सरकारनं सगळीकडं सुरू केलं होतं, आणि आमच्या हेडमास्तरांची नजर शाळेच्या मैदानावर गेली. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, शाळेकडून आम्ही दरवर्षी हरायचो. हेडमास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "यंदा हरलात तर मैदान नांगरायचं. वांगी तरी होतील." शेजारच्या मळ्यातल्या शेवंताक्काला त्यांनी शब्दही देऊन टाकला, आणि तिनं रोपं टाकली. आमचा जीव त्या मैदानात होता. येताजाता ती रोपं वाढताना दिसायची.

ड्रिलचे चौगुले मास्तर निपाणीकडचे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं बॉलमागं पळून काय उपयोग न्हाय. मॅचमध्ये जे घडायचं, ते आधी करून बघितलं पाहिजे. म्हणून रोज फळ्यावर खडूनं 'आजचा प्रसंग' लिहायचे आणि खाली एक ओळ. 'एक गोल खाली, चिखल झालाय.' 'एक गोल खाली, रेफ्री त्यांचा.' मग आम्ही तसं खेळायचं.

*

पहिली परीक्षा गावातल्याच एका शाळेबरोबर. आमचा दत्तू फॉरवर्ड. खेळ सुरू होतो न होतो, तोवर त्यानं गोल मारला. आणि आम्ही सगळे जागच्या जागी उभे. दत्तू पळत लायनीवर मास्तरांकडं गेला.

"मास्तर, आता काय करायचं? हे आपण केलेलं न्हाय."

तोवर समोरच्या टीमनं एक गोल फेडला आणि दुसरा चढवला. मग आम्हाला जरा बरं वाटलं. एक गोल खाली असताना कसं खेळायचं, ते सगळ्यांना पाठ होतं. लगेच बरोबरी केली. आणि बरोबरी झाल्यावर पुन्हा उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी ओळ आली. 'एक गोल वर, पाच मिनिटं राहिली.' निम्मी पोरं आम्ही, निम्मी कॅम्प. मैदानाच्या एका टोकाला चिंचेचं झाड होतं, आम्ही त्या चिंचेकडचा गोल राखायचा, आणि कॅम्पवाल्यांनी त्यावर चालून यायचं. कॅम्पच्या बाजूला मास्तरांनी भरमाला घातलं. भरमा मच्छे गावचा, आमच्यातला सगळ्यात ताकदीचा गडी. "भरमाला अडवलं म्हंजे कॅम्पला अडवलं," असं मास्तरांचं गणित. ते लायनीवरून ओरडायचे, "पाच मिनिटं राहिली!" आणि भरमा बॉल घेऊन चिंचेकडं सुटायचा. तेव्हापासून मॅचपर्यंत हे रोज चाललं. माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात तो असा काही मारायचा, की मला तो बॉल कधी सापडला नाही.

*

कॅम्पची पोरं बूट घालून खेळायची आणि आम्ही अनवाणी. त्यांचे बूट बघितले की आमचे पाय आपोआप मागं यायचे. ही भीती मोडायची म्हणून मास्तरांनी कॅम्पातल्या जुन्या बाजारातून सोल्जरचे बूट आणले आणि दत्तूच्या पायात घातले. प्रसंग काय, तर दत्तूनं सगळ्यांच्या पायावर पाय द्यायचे.

दत्तूनं ते मन लावून केलं. सगळी टीम लंगडायला लागली. पण त्याला बूट इतके आवडले, की तो वर्गात बूट घालून बसायला लागला. जेवायलाही बूट घालूनच बसतोय, असं त्याची आई सांगून गेली. मास्तर म्हणाले, "दत्तू, काढ आता." तर म्हणतो, "मास्तर, प्रसंग अजून संपला न्हाय."

बुटांची भीती काही गेली नाही. उलट दत्तूची बसली.

*

एकदा फळ्यावर आलं, 'गोलकीपर जखमी.' मी पडायचं आणि चौघांनी उचलून न्यायचं. मास्तरांनी बजावलं होतं, "करायचं ते शेवटपर्यंत करायचं. अर्धवट न्हाय."

तर भरमानं आणि तिघांनी मला उचललं, ते थेट कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेऊन टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं.

"काय झालंय ह्याला?"

"काय न्हाय," भरमा म्हणाला. "प्रसंग चाललाय."

डॉक्टरांनी मला एरंडेल पाजलं. भरमाला का नाही पाजलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

*

मग 'लोक ओरडतायत' हा प्रसंग आला. खालच्या वर्गातली पोरं ओरडायला आणली, पण मास्तरांसमोर त्यांचं तोंड उघडेना. शेवंताक्का बांधावरनं बघत होती. म्हणाली, "मी वरडू काय?"

मास्तर व्हय म्हणाले, आणि तिथंच फसले.

"ए बाळ्या, तुझ्या हातात जेवणाचं ताट तरी ऱ्हातंय काय रं? सोड त्यो बॉल, घरला जा, आईला भाकऱ्या थापू लाग!" बाळ्या म्हणजे मी, आणि ही नुसती सुरुवात. तिची कळकळ खरी होती. आम्ही हरलो तर मैदान तिच्याच वांग्यांना मिळणार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

"आक्का, साकु, साकु," मास्तर हात जोडून म्हणाले. पुरे म्हणायचं झालं, की ते कानडीत म्हणायचे.

नंतर तिनं मला ताक आणून दिलं. "मनावर घेऊ नगं रं. पर हरलास तर माझं लई बरं हुईल बघ."

*

आणि मग कॅम्पबरोबरची मॅच, आमच्याच मैदानावर. शेवंताक्का बैल जुंपून, नांगर घेऊनच आली होती. हेडमास्तर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. बाजू बदलल्या आणि मी चिंचेकडच्या गोलात आलो. थोड्या वेळात दत्तूनं गोल मारला. एक गोल वर! ह्या वेळी कुणी उभं राहिलं नाही. काय करायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॅम्पची पोरं येत होती आणि आम्ही परतवत होतो. मला पहिल्यांदाच वाटलं, की मैदान राहतंय.

मास्तरांनी घड्याळ बघितलं, आणि लायनीवरून ओरडले, "पाच मिनिटं राहिली!"

भरमानं कॅम्पच्या पोराच्या पायातून बॉल काढला, गर्रकन वळला आणि चिंचेकडं सुटला. आपलाच माणूस येतोय म्हणून आमच्या बॅकनी वाट दिली. मी "भरमा, अरे भरमा" म्हणतोय तोवर त्यानं मारला. डाव्या हाताचा कोपरा.

कॅम्पच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भरमानं घाम पुसला आणि लायनीकडं बघून विचारलं, "मास्तर, पुन्हा करायचं काय?"

मॅच तशीच बरोबरीत सुटली. मास्तर टोपी हातात घेऊन हेडमास्तरांसमोर जाऊन उभे राहिले.

"चौगुले," हेडमास्तर म्हणाले, "जिंकलो नाही, हरलोही नाही. आता मी काय करू?"

"साहेब, दोन्ही गोल आपल्याच पोरांनी मारलेत. कॅम्पला एकबी जमला न्हाय."

हेडमास्तर खुर्चीवरून उठले. मग शेवंताक्काला म्हणाले, "निम्मं नांगर. निम्मं पोरांना राहू दे."

"कुठलं निम्मं ठेवू?"

"चिंचेकडचं ठेव. एकच गोल राहील. भरमाचा घोटाळा व्हायचा नाही."