काकांच्या मंजुरीचं गणित

या जगात मी सगळ्यांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर लक्ष्मीबाई नगरच्या काकांचा. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरीही त्यांच्याइतका चांगला गणिताचा शिक्षक अख्ख्या दिल्लीत नव्हता, हे मी कोणाहीपुढे सांगायला तयार आहे.

काका माझ्या वडिलांच्या गावचे, केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी गणितात एम.एस्सी. करायला दिल्लीला आलो तेव्हा देशात नवी धोरणं आली होती, गुडगावकडे शेतांमधून इमारती उगवत होत्या, आणि मी मात्र पहिल्याच वर्षी ग्रुप थिअरीच्या पेपरात नापास झालो. वर्गातलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. आता पुन्हा नापास झालास तर गावी येऊन माझ्या शेजारी शिलाई मशीनवर बस, असं वडिलांनी कळवलं. काका म्हणाले, "रोज संध्याकाळी इथे यायचं. शिकलास ते मला मराठीत सांगायचं. पटलं तर मंजूर, नाहीतर फाइल परत."

फाइल परत यायचीच. पूर्ण बाह्यांचा बनियन घालून, पाय खुर्चीवर घेऊन काका ऐकत, आणि मी "समजा" म्हटलं की हात वर करत. "समजायला कोणाची परवानगी घेतलीस?" विधान खोटं आहे असं धरून पुढे विसंगती दाखवायची असते, हे तर त्यांना अजिबात रुचलं नाही. "खोट्यापासून सुरुवात करणारे आमच्या खात्यात कमी आहेत का? ते कधी विसंगतीपर्यंत पोचत नाहीत, प्रमोशनपर्यंत पोचतात." एकच गोष्ट त्यांनी एका फटक्यात मंजूर केली. प्रत्येक ग्रुपमध्ये एक घटक असा असतो, जो कोणाशीही जोडला तरी काहीच बदलत नाही, आणि त्याच्याशिवाय ग्रुप होत नाही. "बरोबर," काका गंभीरपणे म्हणाले. "आमच्या सेक्शनला सक्सेनाजी आहेत."

ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, समजावताना मी कॉलनीचे रस्ते कागदावर काढले, आणि एकही रस्ता दोनदा न तुडवता सगळे रस्ते फिरून घरी परतणं अशक्य आहे, हे सिद्ध केलं. काका चपला घालून बाहेर पडले. बऱ्याच वेळाने सरोजिनी नगरच्या बाजारातून भाजी घेऊन परतले.

"जमलं."

"काका, जमणं शक्यच नाही."

"नायरसाहेबांच्या क्वार्टरमधून गेलो. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. चहाही झाला."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, पोराला पास व्हायचंय. तुम्ही कशाला भिंती फोडताय?"

तोंडी परीक्षेत सरांनी मला मध्येच थांबवलं. "ये आपने मान कैसे लिया?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जी, फाइल दोबारा पुट अप करता हूँ." सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कीजिए. ऑब्जेक्शन का जवाब पूरा होना चाहिए." मी फळ्याकडे वळलो आणि मनातल्या मनात मराठीत, काकांना पटेल असं, एकेक पायरी मांडत गेलो.

निकाल लागायच्या आत काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि ते नाशिकला गेले. मग मी त्यांना पत्र टाकलं:

"ती. काकांस शि. सा. नमस्कार. मी पास झालो. ग्रुप थिअरीतही. पदवीदानाला आई-बाबा येत आहेत. बाबांनी स्वतः माझ्यासाठी कोट शिवलाय. पण सगळा कार्यक्रम इंग्रजीत असतो आणि मी पुढे रांगेत असेन. त्यांच्या शेजारी बसून काय चाललंय ते मराठीत सांगणारं कोणी हवं. तुम्ही सांगाल ते खरं असेलच असं नाही, पण त्यांना ते पटेल. काकूंना घेऊन या. स्टेशनवर मी येतो."