‘मालक म्हणतात’ एवढेच दोन शब्द

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरीदारी सगळे म्हणतात. म्हणू देत. पण या गोष्टीतला राग नाकावरचा नाही, तळपायापासूनचा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. तेव्हा माझ्या भाचीची गोष्ट मी सांगणार ती रागानेच सांगणार. गोडीगुलाबीने ऐकायची असेल तर माझ्या वहिनीकडे जा. ती सगळ्यातून चांगलंच काढते.

मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंही बाटल्यांच्या कारखान्यात. तेव्हा दादा भट्टीवर होता, मी तपासणीत. माझ्यापुढे एक पांढरी दिव्याची पाटी, तिच्यासमोरून बाटल्या सरकत जातात, आणि बुडबुडा, तडा, वाकडी मान दिसली की मी बाटली उचलून बाजूला टाकते. दादाचं काम माझ्यापेक्षा कितीतरी कठीण. काचेची भट्टी कधी विझवायची नसते. एकदा गार झाली की आतली काच थिजते आणि भट्टी तोडूनच टाकावी लागते. म्हणून सण नाही, सुट्टी नाही, दादा पाळीला हजर. त्याच्या भुवयांचे केस कायमचे जळून गेलेत. त्यामुळे तो शांत बसला तरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो.

त्याची एकुलती एक मुलगी लहानपणापासून नकला करायची. दूधवाला, शेजारीण, मी, कुणाला म्हणून सोडलं नाही. दादाने तिचं नाव ठेवलं पोपट. पुढे पोपटने विद्यापीठात जगातल्या भाषा आणि संस्कृती असा विषय घेतला, तेव्हा गल्लीत सगळ्यांना हसायला विषय मिळाला. आपल्या भाषेत धड सरळ बोलता येत नाही, जगाच्या भाषा घेऊन काय चाटायच्या आहेत, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादा मात्र खूश. आमच्या कारखान्याचे मालक परदेशातले. त्यांचीच भाषा पोरीने निवडली ती बापासाठी, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. ती नुसते शब्द पाठ करत नव्हती. ते लोक नकार कसा देतात, कुणासमोर उठून उभे राहतात, कधी गप्प राहतात, हेही त्यांना वर्गात शिकवत. तिकडे म्हणे वडीलधारं माणूस बोलून थांबलं की लगेच उत्तर देत नाहीत. लगेच दिलं तर त्याचं बोलणं झटकून टाकल्यासारखं होतं. मी म्हटलं, आमच्या घरात ही पद्धत आली तर बरं होईल.

शेवटच्या वर्षी ती दुभाष्याचं काम शिकायला लागली आणि घरात गंमतच सुरू झाली. दादा पंखा चालू राहिला म्हणून ओरडायचा, आणि ही अर्धं वाक्य मागे राहून त्याचं सगळं ओरडणं त्या भाषेत पुटपुटायची. दादा अजून चिडायचा, ही तेही पुटपुटायची. शेवटी तो हसायचा. मग तर तो मुद्दाम तिच्यासाठी ओरडायला लागला. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, तिचं झालं की पुढचं. त्या कामाचा एक नियम होता. दुभाष्याने ‘ते असं म्हणतात’ म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. आपलं काही घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही. एकदा ती माझं बोलणं सांगत होती, आणि ‘मी’ म्हणताना तिचा हात आपोआप कमरेवर गेला. मी पण हसले. मला काय माहीत हाच नियम आमच्या मुळावर येणार आहे.

मालक येणार असं कळलं. कारखान्याच्या साहेबांनी विद्यापीठाकडे दुभाषा मागितला, तिथल्या विभागाच्या बाईंनी पोपटला पाठवलं. तिचं ते प्रात्यक्षिक होतं, त्यावर तिची पदवी. बैठक कशासाठी आहे हे कुणी तिला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. बाबांच्या कारखान्यात काम मिळालं यातच ती हरखून गेली होती. आणि दादा? त्याने सकाळी स्वतः सदऱ्याला इस्त्री केली. जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसला. आजूबाजूच्यांना कोपराने ढोसून सांगत होता, आज माझी पोरगी बोलणार आहे.

मालक उभे राहिले. ठेंगणे, चष्मा, मऊ आवाज. पोपट शेजारी उभी. पहिली दोन-चार वाक्यं कौतुकाची झाली, दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग मालक काहीतरी बोलले आणि पोपटचा चेहरा उतरला. ती क्षणभर अडखळली. पण शिकवलेलं अंगात भिनलेलं होतं, ती बोललीच.

“मी ही भट्टी बंद करतोय. भट्टीवरच्या सगळ्या लोकांना मी या महिन्यात कामावरून काढतोय.”

तिच्या स्वच्छ, कोवळ्या आवाजात. बापाकडे तोंड करून. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला पुढचं काही ऐकू आलं नाही. हॉलमध्ये कल्लोळ झाला. दादा उठला, इस्त्रीचा सदरा नीट केला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला. मागून कुणीतरी ओरडलं, मालकाचा पोपट. त्या दिवसापासून तेच नाव झालं. दादाने लाडाने ठेवलेलं नाव लोकांनी शिवीसारखं तिच्या तोंडावर मारलं.

घरी दादाने तिच्याशी बोलणं टाकलं. ओरडला असता तर परवडलं असतं. पंखा चालू राहिला तर उठून स्वतः बंद करायचा. तिने पाणी दिलं तर पेला तसाच राहायचा. वहिनी रडायची, आणि मी पोरीवर तुटून पडले. तिला विचारलं, “अगं, ‘मालक म्हणतात’ एवढे दोन शब्द पुढे लावले असतेस तर जीभ झिजली असती का तुझी?”

“तसं करायचं नसतं, आत्या,” ती म्हणाली. आणि मग म्हणाली की आता ती हे शिक्षणच सोडणार आहे. परीक्षा तोंडावर आलेली. ज्या तोंडाने बाबांना घालवलं त्या तोंडाने आता परीक्षा देणार नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून मी विद्यापीठात गेले. विभागाच्या बाई मोठ्या अभ्यासू, खोलीत भिंतभर नकाशे, चपला बाहेर काढायला लावल्या. मी चपला काढल्या, तोंड मात्र बाहेर ठेवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला समजावलं की मध्ये ‘ते म्हणतात’ आलं की दुभाषा अंग काढून घेतो, आणि समोरच्या दोघांचं एकमेकांशी बोलणं होतच नाही. नियम चांगला असेल. मी नाही म्हणत नाही. पण मी त्यांना म्हटलं, “जगभरच्या लोकांचं उठणं-बसणं शिकवता ना तुम्ही? मग ही पोरगी कुणाची, कुणाच्या तोंडून काय वदवताय, हे विचारायचं कुठल्या वर्षाला शिकवता?” बाईंचा चेहरा पडला. त्यांनी माफी मागितली. माफी घेऊन मी काय करू? घरात लोणचं घालू?

मालक परत जायच्या आधी कामगारांनी पुन्हा बैठक मागितली. या वेळी साहेबांनी ऑफिसातला टायवाला आणला, त्याला म्हणे ती भाषा येत होती. पोपटला मी हाताला धरून नेलं, शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. सगळे वळून वळून बघत होते, मीही एकेकाकडे डोळे वटारून बघत होते.

भट्टीवरचे लोक एकामागून एक बोलायला लागले. एकजण घसा फुटेपर्यंत बोलला, पोरंबाळं, आजारपण, या वयात कोण काम देईल, सगळं. टायवाला हसतमुखाने मालकांना दोन वाक्यं सांगून मोकळा. मालक मान हलवतात. दुसरा बोलला, पुन्हा दोन वाक्यं. आणि माझ्या शेजारी पोपटचे ओठ हलत होते. सवयच ती. त्या माणसाचं सगळंच्या सगळं बोलणं, त्याच्या हुंदक्यासकट, ती खाली मान घालून स्वतःशीच सांगत होती. मी विचारलं, तो टायवाला काय सांगतोय? ती हळूच म्हणाली, “कामगार नाराज आहेत पण तुमचे आभारी आहेत, असं.”

आभारी! मी उठलेच. म्हटलं, याला खाली बसवा, आमचं बोलणं आमची पोरगी सांगेल. गोंधळ उडाला. मालकाचा पोपट, मालकाचा पोपट, सुरू झालं. साहेब मला बसा बसा करत होते. मी कसली बसते?

तेवढ्यात पुढे दादा उभा राहिला. ओरडणारे खाली बसले. त्याने पोरीकडे बघितलं नाही. मालकांकडे बघितलं आणि एक वाक्य बोलला.

“मी या भट्टीसमोर जन्म काढला.”

आणि थांबला. घरी थांबायचा तसा. टायवाल्याने तोंड उघडलं, दादाने नुसता हात वर केला. तो थांबून राहिला. पोपट उठली, सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेली, बापाच्या बाजूला उभी राहिली आणि ते वाक्य तिने सांगितलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

“भट्टी विझवू नका, म्हणून मी भीक मागत नाही. कारखाना तुमचा आहे. पण माझ्या पोरीला मी याच भट्टीच्या धगीवर शिकवलं, आणि तुम्ही मला तिच्याच तोंडून हाकललंत. मी घरी जाऊन तिच्याकडे पाठ फिरवली, कारण तुमच्याकडे फिरवून तुम्हाला काय फरक पडणार होता? हे पाप तुमचं आहे.”

तिने एक शब्द गाळला नाही. ‘माझ्या पोरीला’ हेही ती तसंच बोलली. दादासारखीच, हात मागे बांधून.

मालक बराच वेळ गप्प. लोकांना वाटलं माजोरडा आहे. ती पद्धत मला ठाऊक होती, तरी खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि दादाला काहीतरी विचारलं. पोपटने ते आम्हाला सांगितलं, कारण सांगायलाच हवं होतं.

“ही तुमची मुलगी आहे?”

तेव्हा दादाने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, “हो. माझी आहे.”

पोपटने तोंड उघडलं, आणि तिच्याच्याने बोलवेना. टायवाला तत्परतेने पुढे सरकला. मी मागून ओरडले, गप बस तिथे.

भट्टी बंद झाली ती झालीच. आता बाटल्या मालकांच्या दुसऱ्या कारखान्यातून येतात, मी त्याच तपासते. मालकांनी जाताना दादासमोर मान लववली, त्यांच्याकडे तो मोठा मान समजतात म्हणे. मानेवर घर चालत नाही. दादा आता एका गोदामात रखवाली करतो, आणि त्याच्या हातात दिवसभर करायला काही नसतं, हे बघून माझं रक्त उसळतं. पोपटने परीक्षा दिली. ज्यांनी तिला शिवी दिली तेच आता परदेशातली कागदपत्रं वाचून घ्यायला तिच्याकडे येतात. ती वाचून देते. मी असते तर दारात उभं केलं नसतं.

पण त्या बैठकीहून घरी आलो तेव्हाचं सांगायचं राहिलं. दादा हात-पाय धुऊन बसला. पोपटने पाणी आणून दिलं, त्याने ते घेतलं, प्यायला. मग नेहमीच्या ओरडायच्या आवाजात विचारलं, “शेवटचं माझं वाक्य का गाळलंस? तुमचा नियम आहे ना, काही गाळायचं नाही?”

पोपट म्हणाली, “बाबा, ते तुम्ही मालकांना थोडंच सांगितलं होतं?”

दादाने रिकामा पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाला, पंखा बंद कर, कुणी नाही त्या खोलीत. आणि तिने उठता उठता, अर्धं वाक्य मागे राहून, ते त्या भाषेत पुटपुटलं.