पोकळ भिंतीवरचा तिसरा मजला

आर्किटेक्चरच्या मुलांना मी दोन विषय शिकवते, वास्तुकलेचा इतिहास आणि पर्यावरणपूरक बांधकाम. इतिहासाची मला कधी धास्ती वाटली नाही. त्या इमारती एक तर उभ्या आहेत, नाही तर कधीच पडून गेल्यात. माझ्या बोलण्यानं त्यांचं काही बिघडत नाही. दुसऱ्या विषयाची धास्ती मात्र हिंजवडीजवळच्या माणमधल्या एका घरापासून जी बसली, ती बसलीच.

ते घर माझ्या एका विद्यार्थिनीचं. शेतीची जागा कंपन्यांकडे गेल्यावर तिच्या वडिलांनी भाड्यानं द्यायला खोल्या बांधायच्या ठरवल्या, आणि तिनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला त्याच खोल्या घेतल्या. दुमजली इमारत, कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर. विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा कमी लागतात आणि खोली थंड राहते. हे मीच वर्गात शिकवलेलं. आमच्या स्ट्रक्चरच्या सरांनी हिशोब तपासून दिला आणि वडिलांनी खरंच तसं बांधलं. भाडेकरू आले. मी एकदा भर उन्हाळ्यात जाऊन आले, तर खोल्या खरोखर गार होत्या. वाऱ्यासाठी ठेवलेल्या जाळ्यांना लोकांनी धुळीमुळे वर्तमानपत्रं चिकटवली होती, तेवढंच.

पुढच्या वर्षी तिचा फोन आला. वडील वर तिसरा मजला चढवत होते. विटा येऊन पडल्या होत्या, कामही सुरू झालं होतं, आणि तिचं ते ऐकत नव्हते. मी सरांना विचारलं. पाया आणि भिंती दोनच मजल्यांच्या आहेत, वर काहीही चढवू देऊ नका, असं त्यांनी बजावलं. ते परगावी होते, म्हणून मी एकटीच निघाले. हिंजवडीच्या गर्दीत गाडी बराच वेळ अडकली.

पोचले तेव्हा वर गवंडी विटा लावत होते आणि खालच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

वडील शांत माणूस. त्यांनी खुर्ची दिली, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, भिंत चांगली हाय म्हनून तुमीच सांगितलंत. आता का न्हाई?"

"दोन मजल्यांसाठी चांगली आहे, दादा."

आजूबाजूला सगळ्यांचे चार-चार मजले झालेत, असं ते म्हणाले. त्यांना कॉलम आहेत, असं मी सांगितलं.

"मी बांधलं तर पडंल का?"

"पडेलच असं मला सांगता येत नाही. पण पडणार नाही असंही सांगता येत नाही. आणि खाली माणसं झोपतात."

मुलगी चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. वडील वर बघत राहिले, मग "बघू" म्हणाले.

त्या 'बघू'नं माझी झोप उडवली. फोन वाजला की आधी कुणाचा आहे ते बघायची. वर्गात मी दरवर्षी युरोपातल्या एका चर्चची गोष्ट रंगवून सांगते. उंचीच्या हव्यासापायी त्याचं छत कोसळलं होतं. मुलं हसतात. त्या आठवड्यात ती गोष्ट मी अर्ध्यावर सोडली आणि पुढची स्लाइड लावली.

शेवटी मुलीचाच निरोप आला. वडिलांनी वाकडहून आणखी एक इंजिनिअर आणला, त्यानंही तेच सांगितलं. लावलेल्या विटा उतरवल्या होत्या. मला मात्र त्यांनी बरेच महिने फोन केला नाही. रागावले असतील, मी समजून घेतलं.

आता करतात. पावसाळा सरला की हमखास एक फोटो येतो, मागोमाग फोन. "केसाएवढी चीर हाय मॅडम, पर तुमी एकदा बघा." मी फोटो मोठा करून बघते. प्लास्टरची चीर आहे, हे मलाही कळतं. तरी तो सरांना पाठवते आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरं काही हातात घेत नाही.