तुसापुरतं शेत

आमच्या घरामागे भाताचा एक तुकडा उरला होता. बाकी आमच्या पूर्णा गावातल्या सगळ्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. तो तुकडा मी गोदामाला देत नव्हते म्हणून पुतण्या चिडून असायचा.

"काकी, तिन्ही बाजूंना पत्रा हाय आन् मधी तुमचा भात. ट्रकवाले हसतात."

"हसूदे," मी म्हणायचे. खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी पुण्यात केमिस्ट्रीचं संशोधन करते. मी चौथी शिकलेली, पण तिचं काम खोदून खोदून विचारून घेतलं. आमच्याकडे ॲसिड म्हटलं की डाइंगच्या कारखान्यामागचा नाला डोळ्यांपुढे येतो. तिचं ॲसिड फिकट पिवळी पूड असते. हेटरोपॉली ॲसिड म्हणतात त्याला. बाटली लहान, पण हाताला जड लागते. पातळ ॲसिड काम झालं की धुऊन टाकावं लागतं. ही पूड गाळून परत वापरायची. तिच्या जोरावर तळणीच्या वापरलेल्या तेलाचं डिझेल होतं आणि ती स्वतः खर्ची पडत नाही. मात्र नुसती पूड विरघळून जाते, म्हणून तिला कशावर तरी बसवावं लागतं. त्यासाठी मुलीला आमच्या भाताचं तूस लागायचं. तूस धुऊन भट्टीत जाळलं की पांढरी राख उरते. तिच्या बारीक भोकांत ॲसिड जाऊन बसतं.

"तूस काय, कुठलंही चालंल," मी एकदा म्हटलं.

"नाही आई. एकाच शेताचं हवं. दर वेळी वेगळं घेतलं तर आकडे जुळत नाहीत."

ते मी धरून बसले. दर वर्षी झोडणी झाली की ती यायची, दोन दिवस राहायची. गिरणीवाला सगळ्यांचं तूस एकत्र करतो, म्हणून मी स्वतः उभी राहून आपली गोणी भरून ठेवायचे.

"लोक तांदूळ नेतात, तुमची पोर तूस नेते," गिरणीवाला म्हणायचा.

"तुझ्या गिरणीत तांदळाचे तुकडेच होतात. तूस तरी अख्खं निघतं," मी म्हणायचे.

नवरा गेल्यापासून घरात मी एकटी. ते दोन दिवस सोडले तर बोलायला टीव्हीच.

यंदा झोडणी झाली तरी तिचा फोन आला नाही. मीच केला.

"तूस भरून ठेवलंय. कधी येतेस?"

"अगं, सांगायचंच राहिलं. राखेवरून ॲसिड दर वेळी थोडं सुटायचं, जोर कमी व्हायचा. आता सीझियम घालून त्याचंच मीठ करतो, ते विरघळत नाही. राख लागतच नाही."

"कधीपासून?"

"झालं वर्षाच्या वर."

"मग गेल्या साली नेलंस ते?"

"टेबलाखाली आहे गोणी. तू भरून ठेवली होतीस, नको कसं म्हणणार?" मग म्हणाली, "आई, तू शेत त्यासाठी ठेवलंस का?"

"न्हाय गं. खायला."

"बरं झालं. नाहीतर मला वाईट वाटलं असतं."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, गेल्या साली तिला तुसाची गरज नव्हती, तरी आली होती. चांगलं वाटलं. पण यंदा ती आली नाही, हेही खरं.

पुतण्याला बोलावलं आणि शेत देते, मोजणी करून घे म्हणून सांगितलं.

"एकदम कसं काय, काकी?"

"तुझं काम झालं ना? चहा पी आन् जा."

म्हातारीला एकटीला किती तांदूळ लागतो? दुकानातून आणेन.

मुलगी शिमग्याला येते म्हणाली आहे. आता इथून नेण्यासारखं काही उरलं नाही. आली तर माझ्यासाठीच आली असं मी धरेन. नाही आली तर तेही कळेल.