सनस्क्रीनचा तास

सरकारी कचेरीत चाळीस वर्षं फायली लावल्या. सांगण्यासारखे किस्से दोनच निघाले. निवृत्तीनंतर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बालवाडीत रोज तासभर मदतीला जातो, तर आठवड्याला चार निघतात!

यंदा कलावती टीचरनी उन्हापासून जपायचं शिकवायला घेतलं. क्रीम लावा, टोपी घाला, मग अंगणात खेळा. सगळे तयार. पाच वर्षांची गोमती मात्र ओसरीत बसून. आजीची ताकीदच होती, "उन्हात गेलीस तर काळी होशील!" पोरीचे डोळे दिवसभर घसरगुंडीवर.

*

पहिल्या दिवशी टीचरनी प्रत्येकाच्या तळहातावर सनस्क्रीनचा थेंब ठेवला. पोरांनी उजव्या हाताखाली डावा धरला, थेंब डोळ्यांना लावला आणि हात तोंडाकडे नेले. टीचर किंचाळल्या, "तीर्थ नाही रे ते!"

मुरलीने तोवर कपाळावर भस्मासारखे तीन आडवे पट्टे ओढलेही होते.

*

नियम सोपा : सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की आत यायचं. मुरलीला यायचं नव्हतं.

"टीचर, हात वर केले की सावली पुरते!"

पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून दहा मिनिटं पळत होता.

*

ओसरीतून गोमतीने विचारलं, "ताता, सूर्य स्वतःला काय लावतो?" इथे आजोबांना ताता म्हणतात.

"फाइल बघून सांगतो," मी म्हणालो. कचेरीत हे उत्तर जन्मभर पुरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दारातच, "ताता, फाइल सापडली?"

*

एकदा गोमतीला न्यायला आलेली तिची आजी क्रीमची ट्यूब उलटसुलट करून बघत होती.

"हे लावून पोर गोरी होते?"

"नाही आजी," टीचर म्हणाल्या, "हे लावलं की उन्हाने कातडी भाजत नाही."

"एवढंच? मग ओसरी काय वाईट!"

टीचरनी ट्यूबला झाकण लावलं.

*

शनिवारी संध्याकाळी मोठ्या देवळात मला आजी-नात भेटल्या. भल्यामोठ्या काळ्या नंदीसमोर गोमती थबकली.

"आजी, हा कधीपासून इथे बसलाय?"

"शेकडो वर्षं झाली."

"उन्हात जातो?"

"छे गं! डोक्यावर मंडप आहे की. सदा सावलीत."

"मग एवढा काळा कसा?"

आजीने नंदीकडे पाहिलं. नातीकडे पाहिलं. मग नंदीची माफी मागावी तशा स्वतःच्या दोन्ही गालांवर हलक्या थापट्या मारून घेतल्या.

सोमवारी घसरगुंडीवर सगळ्यांत आधी गोमती होती, टोपी घालून. ओसरीतून आजी ओरडत होती, "गोमती, सावली बघ गं!"