कोंबरी उठली की येते

माझा जीव कायम टांगणीला. मी खारघरला आठव्या मजल्यावर, आई पनवेलजवळच्या गावात एकटी. सकाळी तिनं फोन उचलला नाही की माझी तव्यावरची पोळी करपते आणि मनात नको नको ते येतं. गेल्या वर्षी ती मोरीत पाय घसरून पडली, तेव्हापासून माझं एकच टुमणं: तू माझ्याकडे राहायला ये. शेवटी फोन लागला की ती धापा टाकत सांगते, "अगं, कोंबरी शोधत व्हते."

कोंबड्यांना दाणे टाकायचे आणि अंडी उचलायची, एवढंच काम असतं असं मला वाटायचं. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. एकीनं शेजारच्या दादाच्या हेल्मेटमध्ये अंडं घातलं आणि दादानं घाईघाईत ते तसंच डोक्यावर चढवलं. दुसरी कित्येक दिवस गायब होती. मुंगसानं नेली म्हणून आईनं आशा सोडली, मी मनात 'सुटले' म्हटलं, आणि बाई जुन्या कौलांच्या ढिगामागून पिल्लांची पलटण घेऊन ऐटीत बाहेर आल्या! हल्ली विमान घरावरून खाली उतरायला लागलं की घार आली समजून ती पिल्लांना पंखाखाली घेते. दिवसातून किती वेळा, विचारू नका.

दर रविवारी मी आईचं सामान बांधायला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

"कोंबरी खुडूक हाय, अंडी ठेवलीत तिच्याखाली. ती उठली की येते."

ती उठली, की पिल्लं लहान. पिल्लं मोठी झाली, की दुसरी खुडूक. एक तरी कोंबडी कायम अंड्यांवर बसलेली.

"मुद्दाम बसवतेस ना?" मी चिडायचे.

"मी कशाला बसवू? तिच्या मनात आलं की ती बसते."

तिच्याखाली अंडी कोण ठेवतं, असं विचारलं की सूप घेऊन कण्या पाखडायला बसायची.

मागच्या आठवड्यात तिला अंगणातच चक्कर आली. शेजारच्या वहिनींचा फोन आला तशी मी ऑफिस टाकून धावले. पाहते तर आई उठून पिल्लांना कण्या टाकतेय. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी ओरडले, "तुला माझ्यापेक्षा कोंबड्या जवळच्या! मी तिकडे दिवसभर घाबरून मरते, त्याचं काय?" ती कण्या टाकत राहिली.

रविवारी गेले तर ती मोरीपाशी बसलेली. पुढ्यात पाण्याची बादली, हातात तांबडी कोंबडी, नुकतीच खुडूक झालेली. कोंबडीची खुडूक मोडायची असली की आमच्याकडे तिला पोटापर्यंत गार पाण्यात धरतात. अंगातली ऊब गेली की ती बसायचं विसरते. आईनं आजवर एकाही कोंबडीला असं धरलेलं मी पाहिलं नव्हतं. ओट्यावर तिच्या साड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

"तुला घोर लागतो ना, बाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बाकीच्या कोंबऱ्या जावेला दिल्या. हिला उठवते आन् येते. आता काय काम नाय माझं हितं."

मला हेच तर हवं होतं. पण काम नाही, असं तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मी तिच्या हातातून कोंबडी काढून घेतली आणि ओढणीनं पुसली. बिचारी थरथरत होती. टोपलीत पेंढा पसरला, तिला आत ठेवलं आणि घरातली अंडी आणून एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. तिनं चोचीनं ती नीट ओढून घेतली.

"अगं येडी का तू? आता ही लवकर नाय उठायची," आई म्हणाली.

"बसू दे तिला," मी म्हणाले, आणि गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.